निचराबाबाचा टब

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि झाडून सगळ्यांची नजर दोन पायांवर खिळली होती. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलात एक तरुण प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून बसला होता. टबातलं पाणी मघाशी स्वच्छ होतं. बघता बघता ते पिवळं झालं, मग तांबूस, मग गटारासारखं काळपट.

"बघा! डोळे उघडून बघा!" निचराबाबा गरजले. "रक्तात मुरलेलं, हाडांत साचलेलं गर्द! डॉक्टर काय करतो? विष आत ठेवतो आणि वरून गोळी देतो. मी बूच काढतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तरुणाच्या बायकोला रडू आवरेना.

हे बाबा दाढीजटावाले नव्हते. सुटाबुटातले होते, खिशाला पेन होतं आणि दर दोन वाक्यांमागे 'ऊर्जा' होती. टबात ते एक मंतरलेला खडा टाकत, मग वायर लावलेला एक डबा सोडत. 'ऊर्जापात्र' त्याचं नाव. वायर जायची मखमली कापडाखाली, आणि मखमलीखाली काय आहे ते विचारायचं नाही. शेजारी एक टोपली होती. टबात बसायचं तर दवाखान्याच्या गोळ्या आधी तिच्यात टाकायच्या, अशी अट होती. "दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचा निचरा होत नाही!" बाबा बजावत. टोपली अर्धी भरली होती.

तिसऱ्या रांगेत एक पार्लरवाली लेक आणि थोरल्या बहिणीसोबत पर्स छातीशी धरून बसली होती. पर्समध्ये तिच्या लेकाच्या गोळ्या होत्या.

लेकाचे गर्दच्या व्यसनावरचे उपचार सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. सरकारी दवाखान्यातून मिळणारी, जिभेखाली ठेवायची गोळी रोज एक, आणि दर आठवड्याला समुपदेशक बाईंशी बोलणं. एवढ्यावर पोरगा माणसात आला होता, गॅरेजमध्ये कामाला लागला होता. मध्यंतरी एकदा त्याने गोळी मनानेच बंद केली, तेव्हा पंधरा दिवसांत तो पुन्हा गर्द घेऊन पडला आणि बाथरूमचं दार तोडावं लागलं होतं. त्याचे निळे पडलेले ओठ तिने पाहिले होते. तरीही ती आज इथे आली होती, कारण थोरली बहीण उठता बसता टोचायची, "नशा सोडवायला नशेचीच गोळी? हे म्हणजे आगीतून फुफाट्यात!" ते तिच्या मनाला लागलं होतं. गोळ्यांची तिला लाज वाटे, पार्लरमध्ये ती त्या पावडरच्या डब्यामागे दडवून ठेवी. तिला घाण बाहेर पडलेली डोळ्यांनी बघायची होती, एकदाच आणि कायमची.

"चल, आपला नंबर," थोरली म्हणाली.

लेक उठला. "बसतो मी. पण गोळ्या टोपलीत टाकणार ते पाणी बघून झाल्यावर."

दवाखान्याचा पेशंट सगळ्यांदेखत फुटतोय म्हटल्यावर बाबांच्या तोंडाला पाणी सुटलं. "मंजूर! आधी पुरावा, मग श्रद्धा!"

नवं पाणी, नवा खडा. थोड्याच वेळात टब काळा झाला. पार्लरवालीचे डोळे भरून आले. इतकं होतं माझ्या लेकरात? ती पर्स उघडू लागली.

"थांब आई," लेक म्हणाला. "बाबा, आता हिला बसवा."

"यांना काय व्यसन आहे?"

"साध्या चहाचंही नाही. म्हणूनच बसवा. हिचं पाणी स्वच्छ राहिलं, तर मी इथेच तुमचे पाय धरतो."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. "बसवा की!" मागून कुणीतरी ओरडलं. बाबांना नाही म्हणता येईना.

पार्लरवाली बसली. वीस वर्षं ती बायकांचे पाय टबात बुडवत आली होती. भेगाळलेले, मातीत राबलेले, कितीतरी पाय. पाणी गढूळ होई, करडं होई, पण असं काळं कधी झालं नव्हतं. आणि सकाळीच घासलेल्या तिच्या स्वतःच्या पायांभोवती आता तांबडकाळे ढग उठत होते.

"मुलाचं विष आईत उतरतं!" बाबांनी क्षणात गाडी वळवली. "नाळेचं नातं आहे, माउली!"

तिच्या डोक्यात सणक गेली. लेकाच्या विषाबद्दल होतं तोवर तिने ऐकून घेतलं, पण आता हा माणूस तिलाच वेड्यात काढत होता. तिने पाय बाहेर काढले, टब कोपऱ्यातल्या मोरीत रिकामा केला आणि बादलीतलं पाणी भरलं.

"टाका तुमचा खडा."

"अहो, पण पाय कुणाचे?"

तिने बाजाराच्या पिशवीतून दोन बटाटे काढले आणि टबात सोडले. बाबांचा चेला तिला अडवायला पुढे झाला, पण पहिल्या रांगेतल्या माणसांनीच त्याला खाली बसवलं. लेकाने खडा टाकला, डबा सोडला. सगळे माना उंचावून बघत राहिले. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, काळं झालं.

"बाबा," ती म्हणाली, "हे बटाटे कुठल्या अड्ड्यावर जात होते हो?"

हॉल असा काही हसला, की खालच्या दुकानदाराने वर येऊन पाहिलं.

लेकाने मखमली कापड ओढलं. खाली गाडीच्या बॅटरीचा चार्जर होता. "जुन्या भागांचा गंज काढायला आमच्या गॅरेजात रोज हेच चालतं. मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या सोडायच्या, या डब्यात आहेत तशा, आणि वीज द्यायची. त्यातली एक पट्टी झपाट्याने गंजते, पाणी असंच होतं. तो खडा मिठाचा आहे, चाटून बघा. हा टबात दिसतोय तो गंज. गर्द नव्हे, पाप नव्हे, नुसता गंज!"

बाबा 'नकारात्मक ऊर्जा' एवढंच पुटपुटले आणि कोट शोधू लागले.

"पण माझा मुलगा बरा झाला म्हणाले होते," एक बाप उठून म्हणाला. "गोळ्या टाकून दिल्या आम्ही. कालपासून तळमळतोय तो."

हसणं थांबलं. पार्लरवालीने टोपली टेबलावर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या पसरल्या, आणि प्रत्येक पट्टीमागे कुणाचं तरी घर होतं. लोक हात घालू लागले तशी ती कडाडली, "यातल्या अंदाजाने उचलू नका! मुलाला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गोळ्या टाकल्या हे स्पष्ट सांगा. तिथे रागावत नाहीत, पुन्हा सुरू करतात."

मग तिने पर्समधून एक गोळी काढून सर्वांसमोर लेकाच्या हातावर ठेवली. त्याने ती जिभेखाली धरली. विरघळेपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं, त्यामुळे प्रश्न तिच्यावरच आले.

"अगं, पण ही गोळी म्हणजे दुसरी नशाच ना?" हे विचारणारी तिची थोरलीच होती.

"नशेत हा घरातली भांडी विकत होता, ताई. गोळीवर तो कामाला जातो."

"पण किती दिवस घ्यायची?" मागून एकाने विचारलं.

"लागतील तितके. चष्मा लागला तर कुणी विचारतं का, किती दिवस लावणार म्हणून? हा आजार आहे. त्यावर डॉक्टर आहे, औषध आहे, बोलायला माणूस आहे. माणूस पुन्हा पडतो, पुन्हा उठतो, आणि आपण त्याच्याबरोबर पुन्हा रांगेत उभं राहायचं. याला वेळ लागतो, डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणूनच असल्यांचं फावतं. आणि लाज कसली धरायची? मी धरली म्हणून आज माझं पोर या टोपलीपर्यंत आलं होतं. आता नाही धरणार! कुणी चमत्कार दाखवला की आधी म्हणा, पाय बाजूला घ्या आणि मग दाखवा!"

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक मुलांना घेऊन जिना उतरत होते, आणि खाली एकजण दुसऱ्याला दवाखान्याचा रस्ता विचारत होता.