परतीसाठी जोडलेली सळई

मित्रांनो, मला प्रथम पाहणारा मनुष्य नेहमी हसतो. एवढी मोठी मोटार, आणि आत बसायला जागा नाही! माझी लांबी एखाद्या लहान बाकाएवढी आहे, आणि मला उचलायचे म्हटले तर धडधाकट माणसालाही कमरेवर हात ठेवून आधी विचार करावा लागतो. मी रिमोटवर चालणारी गाडी आहे. मात्र दुकानाच्या काचेआड रंगीत खोक्यात माझा जन्म झाला नाही. मला एका माणसाने आपल्या दोन हातांनी घडवले. आज मी जुनी झाले आहे आणि एका घराच्या दाराआड, जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी असते. जिना माझ्यासमोर वर गेलेला आहे. तो मला चढता येत नाही. वर जी राहते, तिला तो उतरता येत नाही. माझी सगळी कहाणी या जिन्यापाशी येऊन थांबते, म्हणून ती मी मुळापासून सांगते.

माझे जन्मदाते एका कारखान्यात लेथवर काम करीत. लोखंडाचा दांडा यंत्रात फिरवायचा आणि त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. कारखान्यात त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. त्यांची पत्नी टपाल वाटण्याच्या नोकरीत होती. पत्रांची पिशवी खांद्यावर टाकून ती त्या गावातली प्रत्येक गल्ली चालली होती. कोणत्या दाराची कडी सैल आहे आणि कोणत्या घरातले कुत्रे नुसतेच भुंकते, हे तिला तोंडपाठ होते. कोपऱ्यावर पाव आणायला गेली तरी ती चार घरी बोलून यायची आणि उस्ताद म्हणायचे, "पाव आणायला गेली होतीस की गहू पेरायला?"

पुढे तिला मोठे आजारपण आले. त्यातून ती उठली, परंतु तिचे पाय उठले नाहीत. घर पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि अरुंद. ती खिडकीपाशी खुर्चीत बसू लागली. उस्ताद कामावर गेले की ती आणि खिडकी. गल्लीतले लोक वर पाहून हात करीत आणि पुढे निघून जात. ज्या बाईने सगळ्यांच्या दारी जाऊन हाका मारल्या होत्या, तिच्या दारी आता कोणाचे पाऊल सहसा वाजत नसे. तिने तक्रार केली नाही. फक्त ती कमी बोलू लागली, आणि उस्तादांना ते तक्रारीपेक्षा अधिक लागले.

अशा दिवसांत माझा आरंभ झाला. एका बंद पडलेल्या दुकानाच्या पाटीचा अॅल्युमिनियमचा पत्रा माझा सांगाडा झाला. सामान वाहणाऱ्या ढकलगाडीची रबरी चाके मला मिळाली. माझे हृदय, म्हणजे माझी मोटर, पूर्वी भोके पाडण्याच्या यंत्रात होती. दात्यांची चक्रे उस्तादांनी स्वतः कापली आणि कानस घेऊन एकेक दाता इतका गुळगुळीत केला की दोन चक्रे एकमेकांत फिरताना कुजबुजल्यासारखा आवाज येई. पाठीवर एक वेताची टोपली बसवली. रंग मात्र कारखान्यातला उरलेला, यंत्रांना लावतात तो हिरवा. मी काही सुंदर नव्हते. परंतु माझा प्रत्येक स्क्रू कोणाचा तरी विचार करून पिळलेला होता, आणि हे भाग्य पुष्कळ सुंदर वस्तूंना लाभत नाही.

मला खांद्यावर घेऊन ते जिना चढले, तेव्हा बाईने डोळे विस्फारले.

"अहो, हे काय उचलून आणलंत? कपाट आहे की काय?"

"गाडी आहे. तुझी."

"माझी? आता या वयात मी गाड्या गाड्या खेळू?"

"खेळायला कोण सांगतंय? पाव आणायला जायचंय तुला."

"आणि पाय?"

"पाय राहू देत इथं," उस्ताद म्हणाले. "तू जाऊन ये."

त्यांनी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. त्याला दोन दांड्या होत्या. एक पुढे-मागे जाण्यासाठी, दुसरी डावी-उजवीकडे वळण्यासाठी.

मित्रांनो, येथे तुम्ही नीट लक्ष द्यावे, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. मी खिडकीपासून दूर जात असले, की पाहणाऱ्याचा उजवा हात तोच माझा उजवा हात. परंतु मी वळून घराकडे येऊ लागले, की माझे तोंड तिच्याकडे होते आणि सगळे उलटते. तिने दांडी उजवीकडे लोटली, की मी तिच्या डावीकडे वळणार. बाई मला पावाच्या दुकानापर्यंत झोकात नेई आणि परतताना हमखास गटारात घाली. दाराशी दोन पायऱ्या होत्या. त्यांवर चढण्यासाठी उस्तादांनी एक फळी उतरती टाकली होती. ती जेमतेम माझ्याएवढी रुंद. तिथे तर माझी फजिती ठरलेली. बाई रडकुंडीला आली.

"राहू द्या हो. मला नाही जमायचं."

उस्तादांनी तिला जवळच्या पलंगावर बसवले आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी मला नेले, आणले, पुन्हा नेले. मग ते खाली आले आणि त्यांनी मला उताणे केले. माझी पुढची चाके वळवणारी एक छोटी मोटर आहे. तिच्या पात्याला दोन टोकांना दोन भोके आहेत. एका भोकात अडकवलेली बारीक सळई चाके ओढते. उस्तादांनी ती सळई काढली आणि पलीकडच्या भोकात बसवली. एवढेच. परंतु तेवढ्याने माझी डावी-उजवी बदलली. आता जाताना मी उलट्या हाताने वळू लागले आणि येताना बाईच्या हाताप्रमाणे.

"जाताना रस्ता मोकळा असतो, थोडं वाकडं गेलं तरी चालतं," ते स्वतःशीच पुटपुटले. "घरी येताना चुकता कामा नये."

त्यांनी हे वर जाऊन सांगितले नाही. बाईला फक्त एवढेच कळले की आता आपल्याला जमते आहे. जाण्याचा उलटा हात तिने लवकरच अंगवळणी पाडला आणि माझे वैभवाचे दिवस सुरू झाले.

रोज सकाळी ती खिडकीतून "येते हं" म्हणे, आणि मी निघे. पाववाला माझी वाट पाहत असे.

"आल्या का बाई!" तो खिडकीकडे पाहून ओरडे. "फार वेगात होतात. लायसन दाखवा!"

"आधी तू पावाचं वजन दाखव!" वरून उत्तर येई, आणि रांगेतली माणसे हसत. पलीकडची शिंपीण माझ्या टोपलीत एखादे फूल टाकी, कोणी तब्येतीची चौकशी करी, आणि बाई वरून सगळ्यांना नावानिशी उत्तरे देई. परत येऊन मी फळी चढे आणि दारासमोर, बरोबर खिडकीखाली उभी राही. मग वरून आकडा बांधलेली दोरी खाली येई, टोपलीच्या कडीत अडके आणि टोपली डुलत डुलत वर जाई. उस्ताद सकाळी कामावर जाताना मला खाली दाराशी ठेवत, संध्याकाळी आले की खांद्यावर घेऊन वर नेत, आणि मी त्या दोघांच्या खोलीत, खिडकीखालच्या चटईवर विसावत असे. तिथून मला बाईचे बोलणे ऐकू येई. तिच्याजवळ आता सांगण्यासारखे पुष्कळ असे.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. एके वर्षी उस्ताद आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. माणसे आली, बसली, गेली. मी चटईवर होते. माझी बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. तो मायाळू होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडले ते प्रेमापोटीच घडले. आईचे बाहेर जाणे पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्याने मला नवी बॅटरी आणली. मला खाली नेऊन माझी चक्रे धुतली, तेल दिले. मग त्याने मला उताणे केले, आणि त्याचा हात थांबला.

"अरेरे," तो हळूच म्हणाला. "बाबांची नजर शेवटी फारच अधू झाली होती. सळई उलट्या बाजूला बसवलीय."

त्याने ती काढून नियमाप्रमाणे पहिल्या भोकात बसवली. वर जाऊन मात्र तो आईला काही बोलला नाही. आयुष्यभर ज्यांच्या हाताची वाहवा झाली, त्यांची चूक त्यांच्यामागे कशाला उघडी करायची, असे त्याच्या मनात आले. मित्रांनो, मला सारे ठाऊक होते. परंतु मला चाके आहेत, जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी बाईने रिमोट हातात घेतला. "येते हं," असे ती पुष्कळ दिवसांनी म्हणाली. मी निघाले आणि दारातच भिंतीला घासले. कशीबशी दुकानापर्यंत पोहोचले. पाववाल्याने टोपलीत पाव ठेवले आणि आज थट्टा केली नाही. परत येताना बाईने मला फळीकडे वळवले, तशी मी फळीपासून दूर गेले. तिने घाबरून दांडी अधिक लोटली. मी अधिक दूर गेले. शेवटी गटाराच्या कडेवरून मी कोसळले, माझ्या पुढच्या चाकाचा दांडा वाकला आणि पाव पाण्यात तरंगू लागले.

"होतं गं आई असं," मुलगा म्हणाला. "आता वय झालं. मनाला लावून घेऊ नकोस."

बाई आपल्या हातांकडे पाहत होती.

"पायांनी निदान सांगून सोडलं," ती म्हणाली. "हातांनी तेवढंही केलं नाही."

त्या दिवसापासून मी जिन्याखाली गेले. माझ्या शेजारी जुन्या छत्र्या होत्या आणि एक फुटकी बादली. माझ्या टोपलीत कोणी चपला ठेवल्या. वरून पूर्वी हसण्याचा आवाज येई, आता फक्त खुर्ची कुरकुरे. पुढे पुढे ऐकले, की बाई चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते आणि शिवणटिपण तिने सोडून दिले आहे. हात शाबूत असून ती त्यांच्यावर रुसली होती. तिच्या हातांचा यत्किंचितही दोष नव्हता, आणि हे जगात केवळ मला माहीत होते. एकटेपणा म्हणजे सोबत नसणे, असे तुम्हाला वाटत असेल. मला तो निराळाच भेटला. ज्याला सांगायचे तो मनुष्य एका जिन्याच्या अंतरावर असावा, आणि सांगता येऊ नये.

बऱ्याच काळाने मुलगा पुन्हा आला. घरातली अडगळ काढायची होती.

"आई, ती गाडी आता भंगारात देऊ या का?"

वर खुर्ची कुरकुरली. मग बाई म्हणाली, "एकदा वर आण. तुझ्या बाबांनी केलीय. पुसून तरी देऊ."

त्याने मला वर आणून तिच्या पुढ्यात पलंगावर उताणे ठेवले. ती ओल्या फडक्याने माझे पोट पुसू लागली. गटाराचा चिखल अजून तसाच होता. चाके वळवणाऱ्या पात्यापाशी आल्यावर तिचे बोट थांबले.

"अरे, हे भोक बघ. कसं चकाकतंय घासून घासून. आणि सळई तर दुसऱ्याच भोकात आहे."

मुलाने वाकून पाहिले.

"तू बदललीस?"

"आई, बाबांची ती चूक होती. उलटी बसवली होती त्यांनी. मी नीट केली. तुला म्हटलं कशाला सांगायचं..."

बाईने हाताने रिमोटच्या दांडीची खूण केली. उजवीकडे. मग डावीकडे. तिने खिडकीबाहेर पाहिले, दुकानाकडे आणि मग खालच्या फळीकडे. आणि ती हसू लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"चूक नव्हती रे ती. तू गाडीत बसून बघितलंस. ते माझ्या खुर्चीत बसले होते."

मुलाने खाली मान घातली. बाईने आपली बोटे उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"म्हणजे हात माझेच आहेत अजून," ती म्हणाली.

मुलाने वाकलेला दांडा सरळ केला आणि सळई त्या झिजलेल्या, चकाकणाऱ्या भोकात परत बसवली. मग त्याची रजा संपली आणि तो आपल्या गावी गेला.

आता मी पुन्हा पाव आणते. पाववाला पुन्हा लायसन मागतो. परंतु सर्व पूर्ववत झाले असे म्हणणे खोटे ठरेल. संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन वर नेणारे कोणी नाही. दुकान बंद करताना पाववालाच मला दाराआड घेतो आणि बॅटरीला वायर जोडतो. खिडकीखालची चटई वर रिकामी आहे. बाई वर, मी खाली.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, त्यांना तेल द्या, त्यांच्यावरची धूळ झटका, हे तुम्हाला पुष्कळ जणांनी सांगितले असेल. मी आणखी एक विनंती करते. कोणाच्या हातची वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा ती जिथून वापरली जाते त्या जागी आधी क्षणभर बसून पाहा. तुम्हाला जे वाकडे दिसते, ते कदाचित कोणाला तरी घरी सुखरूप आणण्यासाठी तसे केलेले असेल.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. कधी कधी दुपारी, गल्लीत कोणी नसताना, बाई मला काही न आणता नुसतीच फिरवून आणते. टोपली रिकामी असते, वर घेण्यासारखे काही नसते. तरीही मी खिडकीखाली येऊन थांबले, की दोरी खाली येते. दोरीचा आकडा माझ्या टपावर अलगद टेकतो, आणि बराच वेळ तसाच टेकलेला राहतो.