टेम्पोखालचं तेल

कल्पना करा, तुम्ही एका टेम्पोखाली उताणे झोपला आहात. पाठीखाली पुठ्ठा आहे, नाकासमोर इंजिनाचं काळं पोट. जरा वेळ तसेच पडून राहा. घाई करू नका. आता कपाळावर काहीतरी टपकलं. कोमट, चिकट. ते तेल आहे आणि ते कुठून आलं, हे तुम्हाला शोधायचं आहे.

सुरतेच्या लिंबायत भागातल्या लोकेशच्या गॅरेजात, एका रविवारी, चौथीतली चंचल अशीच झोपली होती. शेजारी तिचे आजोबा, हिलाल मिस्त्री.

"आबा, परत पडलं."

"पडू दे. पुस आनि देख."

तिनं चिंधी घेतली. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही, पण साड्यांच्या चकचकीत चिंध्या तेल पीत नाहीत, नुसतं पसरवतात. म्हणून मिस्त्री घरून जुनं धोतर फाडून आणत.

बाहेर टेम्पोचा ड्रायव्हर पांडुरंग चहा पीत उभा होता. "ओ मिस्त्री, पर्वत पाटियावरनं पार्सल उचलायचंय. का आज पण शेठच्या शिव्याच खाऊ?"

"खाय ना भो, फुकट शेतस," मिस्त्री आतून त्यांच्या अहिराणीत म्हणाले. फुकटच आहेत, खा की.

बोलले हसून, पण चेहरा हसत नव्हता. सकाळीच लोकेशनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उस्ताद, हा टेम्पो आज परत गळला, तर पाने-पकडी ठेवून द्या. उद्यापासून घरी आराम करा." लोकेश त्यांचाच चेला. त्यांच्याच हाताखाली शिकून त्यानं हे गॅरेज टाकलं होतं.

आता गळतीचं समजून घ्या. इंजिनात तेल फिरतं आणि ते गाळावं लागतं, आपण चहा गाळतो तसं. ती गाळणी म्हणजे फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो इंजिनालाच चिकटलेला असतो. या टेम्पोत तिथे हात पोचत नव्हता, म्हणून कुणीतरी तो लांब, बाजूला चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एका लोखंडी बैठकीला लावला होता. मध्ये दोन रबरी पाइप. एकातून मळकं तेल फिल्टरकडे जातं, दुसऱ्यातून गाळलेलं परत येतं.

मिस्त्रींनी फिल्टर बदलला आणि तेव्हापासून पाइपांवरून तेल ओघळू लागलं. त्यांनी क्लिपा आवळल्या. मग दोन्ही पाइप नवे घातले. तरी तेच. "पाइपच डुप्लिकेट निघाले," ते म्हणत होते.

"पण आबा, नवे दोन्ही कसे खराब निघतील?" चंचलनं विचारलं आणि पाइपला हात लावून झटकन मागे घेतला. "बाप रे, किती तापलंय!"

मिस्त्रींनी तोच पाइप मघापासून मुठीत धरून ठेवला होता.

त्यांनी तो सावकाश सोडला. "देख व माय, जठे टपकस, तठेच गयस असं नही." म्हणजे, जिथे थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल उतारानं चालत येतं. "तू त्याच्या उलट चाल. पुसत पुसत वर जा. जिथं पुसल्यावर पहिल्यांदा ओलं दिसंल, ती जागा."

चंचल पुसत गेली. क्लिप कोरडी. पाइप कोरडा. ओल दिसली ती थेट वर, फिल्टर आणि बैठक जिथे मिळतात तिथे.

इंजिन बंद करून थोडं निवू दिलं. मिस्त्रींनी पट्टा लावून फिल्टर ढिला केला, बाकीचा तिनं हातानं फिरवून काढला. तेल बादलीत पडलं.

"आता बैठकीवर बोट फिरव. गोल. डोळ्याला काळ्यावर काळं दिसत नाही, बोटाला समजतं."

तिनं बोट फिरवलं. थांबली. नखानं काहीतरी उचकटलं आणि ती आनंदानं ओरडलीच, "सापडलं! आबा, जुन्या फिल्टरची रबरी रिंग! ही इथंच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर तुम्ही नवी बसवली! लोकेशकाका, मला सापडलं!"

लोकेश आला. रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"उस्ताद, याच चुकीसाठी तुम्ही मला गाडीखालून ओढून झापड मारली होती."

"मारली होती," मिस्त्री बाहेर येत म्हणाले.

"मग बोट फिरवलं नाही?"

"फिरवलं होतं रे."

लोकेशनं रिंग बाजूला ठेवली. मग त्यानं मिस्त्रींचा हात धरला आणि त्यांच्या बोटाच्या टोकात स्वतःचं नख रुतवलं. "लागतं?"

मिस्त्रींचं बोट जागचं हललंही नाही.

"शुगरनं बधिर झाली ना बोटं? आणि मला बोलला नाहीत?" लोकेशचा आवाज चढला. "आज तेलच सांडलं. उद्या कुणाचं ब्रेकचं काम केलं असतं तर?"

"खरं शे," मिस्त्री म्हणाले. बस, एवढंच. मग त्यांनी चंचलकडे पाहिलं. "शाबास. पन काम अर्धं टाकू नये. पुरं कर."

तिला आता करायचं नव्हतं; हे पुरं झालं की आबांचं गॅरेजातलं कामच संपणार, एवढं तिला कळलं होतं. तरी ती खाली शिरली. बैठक पुसली, नव्या रिंगेला तेलाचं बोट लावलं, फिल्टर हातानं फिरवत नेला आणि रिंग टेकल्यावर अजून थोडा आवळला. लोकेशनं इंजिनात तेल ओतलं. पांडुरंगनं चावी फिरवली. खाली एक वर्तमानपत्र अंथरलं होतं.

मिस्त्री नळावर हात धूत होते. खूप वेळ. साबणाचा फेस केव्हाच वाहून गेला होता.

"काय गं छोटी मिस्त्री," पांडुरंगनं वरून विचारलं, "गळतं का अजून?"

टेम्पोखालचा कागद कोरडाठाक होता. इंजिन धडधडत होतं आणि एक थेंबही पडत नव्हता. चंचलनं कागदाकडे पाहिलं. मग चाकांमधून नळापाशी दिसणारे आजोबांचे पाय पाहिले.

तिनं बादलीतल्या तेलात बोट बुडवलं, कागदाच्या मधोमध एक थेंब पाडला आणि ओरडली, "आबा, अजून गळतंय. तुम्ही या."