शालूच्या घडीत ठेवलेले विमा कार्ड

मित्रांनो, मी कामगार विम्याचे एक जुने कार्ड आहे. माझ्यावर जगन आणि त्याची बायको कृतिका यांचा फोटो आहे. फोटोत कृतिकाचे डोळे मिटलेले आहेत. "कार्डावर झोपलीस, आता दवाखान्यात तुला कोण ओळखणार?" असे जगन तिला चिडवायचा.

जगन कोलशेतच्या कारखान्यात कामाला लागला तेव्हा माझा जन्म झाला. दोन वर्षे मला काही काम नव्हते. मग कृतिकाला दिवस गेले आणि ती मला दर महिन्याला विमा दवाखान्यात नेऊ लागली. तिथल्या वैशाली सिस्टर तिचे वजन करत, रक्तदाब बघत, लोहाच्या गोळ्या देत. सातव्या महिन्यात रक्तदाब थोडा चढला. आता दर आठवड्याला तपासायचे, असे सिस्टरनी बजावले.

त्याच महिन्यात ओटीभरण झाले आणि कृतिका आंबिवलीला माहेरी निघाली. तिच्या सासूबाईंनी, सखुबाईंनी, मला तिच्या पर्समधून काढून घेतले.

"हे इथंच राहू दे. बाळंतपणाला जगन घेऊन येईल. आत्ताच हरवलंस तर?"

"आणि तपासणी, आई?"

"अगं, आईच्या हातचं खा, आराम कर."

त्यांच्या मनात वाईट नव्हते. विमा मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवायचा असतो, असे त्यांना वाटे. जगनलाही ते पटले. त्याने विमा कार्यालयात एक अर्ज केला असता तर मी आंबिवलीकडच्या दवाखान्यातही चाललो असतो.

पाच आठवडे मी कपाटात, शालूच्या घडीत होतो. तिकडे कृतिकाचे पाय सुजले. या दिवसांत सुजतातच, असे सगळे म्हणाले. एका सकाळी तिचे डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मग झटके आले. निरोप मिळताच जगन मला खिशात घालून धावला. रुग्णालयात मी लगेच चाललो. मुलगी वाचली. कृतिका गेली.

आता नवे कार्ड आले आहे. त्यावर जगन आणि त्याची मुलगी आहे. तिचे डोळे टक्क उघडे आहेत. मी मात्र अजून जगनच्या खिशात असतो.

परवा शेजारची क्षिप्रा बाळंतपणासाठी माहेरी निघाली. सखुबाईंनी तिला थांबवून कार्ड कुठे आहे ते विचारले. ते कपाटात होते.

"काढ ते," सखुबाई म्हणाल्या. "माहेरी गेलीस की आधी दवाखाना गाठ, मग पाठ टेक."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कार्ड असेल तर ते फार जपू नका. हाताळून त्याचे कोपरे झिजू द्या. माझे त्या पाच आठवड्यांत कोरे राहिले.