किटलीवर आलेला आळ

मित्रांनो, दारामागच्या पांढऱ्या पेटीत डावीकडून तिसरा बसलेला मी एक जुना एमसीबी आहे. म्हणजे घरातली वीज बेताल झाली की आपणहून खाली पडणारा खटका. कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तांब्याचं वेटोळं बसवलं आणि छातीवर सोळा अँपिअर हा आकडा उमटवला. या घरात स्वयंपाकघर आणि आजोबांची खोली माझ्या वाट्याला आली.

चौदा वर्षं मी इमानेइतबारे राबलो. मिक्सर जळाला, मी पडलो. इस्त्रीची वायर वितळली, मी पडलो. "याच्यामुळे वाचलो बाबा!" असं आजोबा म्हणत, तेव्हा मी आतल्या आत फुलून जायचो.

पुढचं सांगताना मात्र माझी मान वर होत नाही.

त्या सकाळी आजोबांनी दाढीच्या पाण्यासाठी विजेची किटली लावली आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीतल्या तारा एकमेकींना जोडल्या गेल्या. मी खाडकन पडलो. आजोबांचा मुलगा धावत आला. त्याने मला वर ढकललं, मी पडलो. पुन्हा ढकललं, पुन्हा पडलो. असं आठ-दहा वेळा झालं.

"हे डबडं गेलं कामातून," तो वैतागला. "काढून फेकायला हवं."

माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात त्याची नजर किटलीकडे गेली.

"बाबा, पुन्हा ती किटली? ओल्या हाताने प्लग लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं! एक दिवस घर पेटवाल."

"अरे, हात कोरडे होते माझे," आजोबा पुटपुटले.

"राहू द्या आता."

आणि मित्रांनो, मला हायसं वाटलं! दोष भिंतीत आहे हे मला ठाऊक होतं. मला तोंड नाही, हे खरं. पण असतं तरी त्या क्षणी मी उघडलं नसतं. आळ माझ्यावरून टळला, एवढंच मला दिसलं.

आजोबांनी किटली स्वतःच कपाटाच्या तळाशी ठेवली. दोन दिवस थंड पाण्याने दाढी केली. सून शेगडीवर पाणी तापवून द्यायला निघाली, तर म्हणाले, "नको गं, उगाच तुला व्याप." माझ्यासमोरून जाताना ते खाली बघत जायचे.

तिसऱ्या दिवशी वायरिंगचं काम करणाऱ्या ताई आल्या.

"किती वेळा वर केलात हा?"

"झालं असेल आठ-दहा वेळा."

"एकदा करून बघायचं, बस्स. नाही टिकला तर थांबायचं. कुस्ती नाही खेळायची त्याच्याशी."

त्यांनी सगळे प्लग काढले. मला आधी पूर्ण खाली दाबलं, मग वर केलं. मी पडलोच. मग मेन स्विच बंद करून त्यांनी माझ्याकडून घरात जाणारी तार सोडवली, मेन चालू केला आणि मला वर केलं. मी ताठ उभा राहिलो.

"हा ठणठणीत आहे. दोष पुढे तारेत आहे."

"आणि किटली?" सुनेने विचारलं.

ताईंनी ती दिवाणखान्यात लावली. पाणी छान उकळलं.

"स्वयंपाकघरात अलीकडे भिंतीत काही ठोकलंय का?"

मुलाचा चेहरा उतरला. डब्यांची फळी महिन्यापूर्वी त्यानेच बसवली होती. स्क्रू काढला, तर टोक काळंठिक्कर! फळीच्या वजनाने तो हळूहळू तारेत रुतला होता.

तार बदलून ताई गेल्या. मुलगा आजोबांच्या दारात बराच वेळ घुटमळला.

"बाबा, चूक माझी होती. आणि बोललो मात्र तुम्हाला."

"ये, बस," आजोबा म्हणाले. त्यांनी पलंगावर सरकून जागा केली.

मित्रांनो, माझ्यासारखा खटका वर टिकत नसेल, तर त्याच्याशी जबरदस्ती करू नका. जाणत्या माणसाला बोलवा. आणि कारण सापडायच्या आधी गुन्हेगार शोधू नका. जो उलटून बोलत नाही, त्याच्यावर आळ पटकन बसतो.

संध्याकाळी घरात माझं कौतुक चाललं होतं. आजोबा कोरडं फडकं घेऊन आले. माझी पेटी त्यांनी कोपऱ्यांसकट पुसली आणि म्हणाले, "बिचारा, उगाच बोलणी खाल्लीस."

तेवढं त्यांनी म्हणायला नको होतं.