पतंगाच्या डोळ्याची काच

कारखान्यात तिला सगळे पतंगबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचं तरी काय चुकलं? दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाच्या डोळ्यापायी बाईंच्या स्वतःच्या डोळ्यांचा नंबर दरवर्षी वाढत होता. पतंगाचा डोळा अंधारात चमकत नाही. त्यावर इतके बारीक उंचवटे असतात की पडलेला उजेड परत फिरतच नाही, आणि शिकारी पाखराला पत्ता लागत नाही. तसेच उंचवटे काचेवर उठवायचे, म्हणजे काचेत कशाचंच प्रतिबिंब पडणार नाही, हे तिचं काम. डोळ्यांत तेल घालून केलेलं ते काम एकदाचं जमलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि चाचणीतून उरलेला एक तुकडा घरी न्यायला दिला.

त्याचं काय करायचं ते तिचं कधीच ठरलं होतं. घरी ताईचा फोटो होता. आईवडिलांमागे या थोरल्या बहिणीनेच तिला वाढवलं. लग्न दोघींनीही केलं नाही. भांडत-हसत एकाच घरात म्हाताऱ्या होऊ म्हणाल्या, आणि ताई मध्येच निघून गेली. आता रोज सकाळी फोटोपुढे उभी राहून ती केस विंचरी आणि ताईला घरातलं, कामावरचं सगळं सांगे. बोलायला दुसरं होतं कोण? त्या चार शब्दांवर तिचा दिवस निघे. अडचण एकच होती. खिडकीचा उजेड काचेवर पडे आणि ताईचा निम्मा चेहरा त्यात बुडून जाई.

चौकातल्या फ्रेमवाल्याने नवी काच बसवली. जुनी निघताना तडकली. टाकून द्या, असं तिनेच सांगितलं.

संध्याकाळी फोटो भिंतीवर लागला आणि तिला भरून आलं. काच आहे की नाही तेच कळेना. ताईच्या हनुवटीवरचा तीळ, कपाळावर आलेली बट, सगळं समोर. किती दिवसांनी पाहिलं तुला, असं ती म्हणाली आणि खुशीत झोपली.

सकाळी ती कंगवा घेऊन उभी राहिली आणि तिचा हात थांबला. काहीतरी कमी होतं. फोटोत ताई बागेतल्या बाकावर एका कडेला बसलेली होती, शेजारची जागा रिकामी, मागे झाडांची गर्द सावली. त्या सावलीवर इतके दिवस जुन्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा उमटत होता. कंगवा फिरवणारी ती आणि हसणारी ताई रोज शेजारी बसत होत्या, आणि हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता बाकावरची ती जागा रिकामी होती. ताई तिच्या आरपार, मागच्या भिंतीकडे बघत होती, जणू घरात कुणी नव्हतंच.

तिने कपाट उघडून सगळे फोटो काढले. सगळ्यांत ताईच होती, कारण कॅमेरा कायम धाकटीच्या हातात. बागेतला तो दिवस तिला आठवला. ताई बाकावर सरकून बसली होती. "ये ना, बस इथे. सरकले बघ मी."

"मग फोटो कोण काढणार?" असं म्हणून तिने बटण दाबलं होतं.

दोघींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. जो होता तो त्या जुन्या काचेत होता, आणि ती काच तिने आपल्या हाताने, आपल्याच हुशारीने घालवली होती. ताई गेली त्या दिवशीही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. पुढचे काही दिवस तिने केस स्वयंपाकघरात विंचरले. फोटोकडे पाठ करून चहा घेतला. ताईशी काही बोलली नाही. कामावर सगळे काचेचं कौतुक करत होते आणि ती नुसती मान हलवत होती.

शेवटी ती फ्रेम घेऊन पुन्हा चौकात गेली. फ्रेमवाला चक्रावला. अशी काच मिळावी म्हणून लोक जीव टाकतील, तुम्ही काढायला काय सांगता, असं त्याने विचारलं.

"साधी बसवा," ती म्हणाली. "तोंड दिसेल अशी."

त्याने खांदे उडवले आणि काच बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचा उजेड पुन्हा ताईच्या अर्ध्या गालावर येऊन बसला. तिचा स्वतःचा चेहरा ताईच्या खांद्यावर आला होता. ती जरा डावीकडे झाली, मग आणखी थोडी, आणि बाकावरच्या रिकाम्या जागेत नीट मावली.

"आले गं ताई," ती म्हणाली, आणि केस विंचरू लागली.