घाम सुटूनही न उतरलेला ताप

केसरबाईच्या गोधडीपुढे ताप टिकत नाही, हे सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण केसरबाईनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. धुळ्याकडची बाई. चार लेकरं आणि सात नातवंडं तिने गोधडीखाली घाम काढून उठवली होती. दवाखाना म्हणजे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस नाही त्यांची सोय, असं तिचं मत.

म्हणून मे महिन्यात तिचा धाकटा मुलगा कारभारी भर दुपारी कामावरून धडपडत आला, तेव्हा तिने आधी गोधडी ओढली.

कारभारी लाकडी खोक्यांच्या कारखान्यात होता. फळ्यांना बुरशी धरू नये म्हणून त्या औषधाच्या हौदात बुडवायच्या आणि ओल्याच खांद्यावरून नेऊन उन्हात रचायच्या, हे त्याचं काम. हातमोजे मिळाले होते, पण उकाड्यात ते खिळ्याला लटकत.

"माय, पाणी दे. आतून पेटलोय."

"ऊन लागलं तुले. पड गुपचूप."

त्याची बायको शोभा दारात उभी होती. "आत्याबाई, घाम तर त्यांना आल्यापासूनच फुटलाय. मग आणखी काढायचा कशाला?"

"तू काल आलीस या घरात. मले नको शिकवू."

शोभाला त्या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती.

पाऊण तास गेला. घाम धो धो वाहत होता आणि अंग जास्तच तापत होतं. कुत्र्यासारखी धाप लागली होती. केसरबाईने गोधडीत हात घातला. सदरा चिंब होता, पण हाताला तेलकट लागलं आणि नाकाला झोंबलं. घाम तेलकट नसतो, एवढं कळायला शाळा लागत नाही.

तिने गोधडी भिरकावली. "शोभा, रिक्षा आण!"

सिल्वासाच्या दवाखान्यात डॉक्टर केतकीने आधी सदरा कापून काढायला लावला, अंग साबणाने धुवायला सांगितलं आणि कारखान्यात फोन करून औषधाच्या पिंपावरचं नाव विचारलं.

"क्लोरीन घातलेलं फिनॉल आहे, आजी. कातडीतून आत जातं. आपल्या अंगात कणाकणात एक चूल असते. अन्न जाळायचं आणि ताकद करायची. हे विष चूल पेटती ठेवतं, पण ताकद होऊ देत नाही. सगळं नुसतं उष्णतेत जातं."

"म्हंजे सरपण भसाभसा जळतंय अन् भाकर काही शेकत नाही."

"अगदी तसंच. ते कपडे अंगावर किती वेळ होते? पांघरूण घातलं होतं का?"

शोभाने नुसतं सासूकडे पाहिलं, आणि ते पाहणं केसरबाईला बोलण्याहून जड गेलं.

"त्याच कपड्यांवर गोधडी घातली. पाऊण तास. मीच घातली. ही नको म्हणत होती."

केतकीने लिहून घेतलं. रागावली नाही, समजूतही घातली नाही.

"उतारा काय यावर?"

"उतारा नाही. अंग गार ठेवायचं, सलाईन द्यायचं. बाकी त्याच्या काळजावर."

दोघी बायका ओल्या चादरी बदलत राहिल्या. आधी एकशेसहा, मग एकशेपाच, पुन्हा एकशेसहा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "देवाला बोला काहीतरी." केसरबाई म्हणाली, "देवाने हौद नाही भरला. तू पाणी आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी पारा शंभरावर आला. कारभारीचे ओठ हलले.

"माय... थंडी वाजते."

केसरबाईचा हात चादरीकडे गेला आणि तिथेच थांबला. जन्मात कुणाला काही न विचारणारी बाई डॉक्टरणीकडे वळली.

"बाई, पांघरूण घालू का त्याले?"

केतकीने पारा पुन्हा पाहिला. "पातळ चादर चालेल."

केसरबाईने चादर उचलून शोभाच्या हातात दिली.

"घाल तू. मले हातभर लांबच राहू दे."