राणीमाशीचं खाणं

वर्गात शिकवता शिकवता अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि नीराला खडू ठेवून खिडकीशी जावं लागायचं. सयाजीगंजच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती. पाळी जाण्याचे दिवस. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड.

वासण्याला राहणाऱ्या नणंदेनं, स्नेहलतानं, एके रविवारी रावपुऱ्यातल्या तिच्या घरी येऊन गोळ्यांची एक बाटली तिच्या हातावर ठेवली.

"रॉयल जेली आहे, वहिनी. मधमाश्या राणीमाशीला आयुष्यभर हेच भरवतात. घेऊन तर बघ."

नीरानं गोळ्या सुरू केल्या. महिनाभरात घाम कमी झाला, झोप लागू लागली. गोळ्यांमुळे की हवा पालटल्यामुळे, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं फार खोलात जायचंही टाळलं.

तिचा चेहरा उजळलेला सासऱ्यांनी, दीनानाथांनी, हेरला. हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते.

"नीरा, मलाही दे की तुझी ती जेली. जिना चढताना दम लागतो."

"डॉक्टरांना विचारू या, नाना."

"त्यात काय विचारायचं? मधासारखंच ना ते?"

तिलाही तसंच वाटलं. रोज सकाळी चहाबरोबर ती एक गोळी त्यांच्या बशीत ठेवू लागली.

काही आठवड्यांनी नानांच्या दंडावर जांभळे डाग दिसले. बाजाराच्या पिशवीचे बंद लागले असतील, असं ते म्हणाले. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि काही केल्या थांबेना. नीरानं रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं.

"केम छो काका, नवीन काही औषध घेताय?" तपासणीचा कागद बघत डॉक्टर शाह म्हणाले. "रक्त फारच पातळ झालंय."

 नानांची बोटं चादरीवर फिरत राहिली. सून अडचणीत येऊ नये म्हणून ते बोलत नाहीत, हे नीराला कळलं.

"मी देत होते. मी घामासाठी घेते ती रॉयल जेली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "तिच्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर ती घेतल्यावर रक्तस्राव झाल्याची उदाहरणं आहेत. बंद करा. आणि बेन, तुम्हाला दमा, ॲलर्जी?"

"नाही."

"मग तुम्हाला धोका कमी. दमेकऱ्यांना तर ती घेतल्यावर कधी श्वास कोंडून जीवावर बेतलंय. घामासाठी गुण येतो म्हणतात, पण अभ्यास छोटे आहेत. एकदा बाईंच्या डॉक्टरला दाखवा."

दोन रात्री नानांना दवाखान्यात ठेवलं. रक्त ठिकाणावर आलं, ते घरी आले. स्नेहलताला फोनवर सगळं कळलं, तेव्हा ती फणकारली, "म्हणजे माझ्या बाटलीवर आलं?"

"नानांना मीच दिली ना," नीरा म्हणाली. "तुझ्याकडे बोट नाही कुणाचं."

नीरानंही आपल्या गोळ्या थांबवल्या. घाम परत आला, पूर्वीपेक्षा थोडा कमी. तिनं स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

"तू कशाला बंद केलीस?" नाना म्हणाले. "तुला तर गुण येत होता."

"येत होता की नाही, तेच बघतेय," ती म्हणाली आणि कॉलेजच्या वाटेला लागली.